संसाराचा जमाखर्च : गिअरबॉक्स उतरवणे वेगळे, उघडणे वेगळे



थोडक्या भांडवलात घेतलेली जुनी गाडी आणि तिच्यावर चालणारा संसार, हे आपल्या पुण्याच्या वस्त्यांतून आता नेहमीचे झाले आहे. कुणी सकाळ-संध्याकाळ कंपनीची माणसे ने-आण करतो, कुणी लग्नसराईत भाडे मारतो, कुणी दुकानदारांचा माल पोहोचवतो. गाडीचा हप्ता पतसंस्थेचा आणि चुलीवर चढणारे पातेले गाडीचे. अशा घरात एके दिवशी गाडीखालून घरघर येऊ लागते. गॅरेजवाला एक चक्कर मारतो, मान हलवतो आणि म्हणतो, "गिअरबॉक्स गेला." या दोन शब्दांत त्या घराचे तीन महिन्यांचे अंदाजपत्रक कोसळते. मुलीची फी पुढे ढकलली जाते, नाहीतर बाईच्या गळ्यातला डाग गहाण पडतो.

मी पेशाने कारकून. वस्तीतले अर्ज, दाखले, कर्जाची कागदपत्रे लिहून देता देता गॅरेजची एस्टिमेटेही लोक माझ्याकडे वाचायला आणतात. बहुतेक कागदांवर 'गिअरबॉक्स काम' एवढेच लिहिलेले आणि पुढे हजारांतली एक रक्कम. कोणता भाग खराब झाला आणि तो कशावरून ठरवला, याचा पत्ता नसतो. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे पटण्यासारखे नाही. म्हणून दापोडीच्या एस.टी. कार्यशाळेत उमर घालवलेल्या काही निवृत्त फिटरांना मी हे कागद दाखवत आलो आहे. त्यांच्याकडून जे कळले ते आज या सदरात मांडतो.

त्यांनी पहिल्याच बैठकीत एक भेद समजावून सांगितला. गिअरबॉक्स गाडीतून उतरवणे हे एक काम आहे आणि उतरवलेला गिअरबॉक्स उघडणे हे दुसरे. काही आवाजांसाठी तो नुसता उतरवावा लागतो, काहींसाठी उतरवावाही लागत नाही. उघडल्याशिवाय गत्यंतर नाही असेही आवाज आहेत, पण ते निराळे ओळखता येतात. पैशांचा सगळा फरक इथे आहे.

उदाहरणासाठी आपल्या गावचीच गाडी घेऊ. टाटांची इंडिका १९९८ साली आली, पिंपरी-चिंचवडला तयार होत राहिली आणि २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक इंडिका आता म्हातारी आहे. हिच्यात इंजिन आडवे बसवलेले असते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात, आणि त्या खोक्यातून दोन एक्सल निघून पुढच्या चाकांना जातात. मारुती ८००, वॅगन-आर, सॅन्ट्रो यांची मांडणीही हीच. सुमो आणि ओम्नी यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात गिअरबॉक्समधून लांब प्रॉपेलर शाफ्ट मागे जातो आणि डिफरन्शियल मागच्या एक्सलवर असते. आपली गाडी कोणत्या जातीची हे आधी ठाऊक हवे. मागून येणारा घूंऽऽ आवाज सुमोत डिफरन्शियलचा असू शकतो. इंडिकात तिथे डिफरन्शियलच नाही, तेव्हा तिथे तो मागच्या चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा धरून चालावे.

आता आवाजाविषयी. घरघर, खरखर, गुरगुर, एकच आवाज तीन माणसे तीन शब्दांनी सांगतात. मात्र तो कधी येतो आणि कधी थांबतो, यावर तिघांचे एकमत होते. म्हणून 'कसा' यापेक्षा 'कधी' हे आधी लिहून ठेवावे. मुलाच्या जुन्या वहीतले एक पान पुरते. किलोमीटरचा आकडा, कोणता गिअर, किती वेग, गाडी थंड की गरम, चढ की उतार, क्लच दाबलेला की सोडलेला. आणखी एक गोष्ट. रोज चालवणाऱ्याच्या कानाला आवाजाची सवय होते. पंधरा दिवसांनी गाडीत बसलेल्या बायकोला किंवा बहिणीला तो पहिल्यांदा कळतो. "गाडी पहिल्यासारखी वाजत नाही," असे घरातली बाई म्हणाली तर ते उडवून लावू नये.

पहिली तपासणी गाडी जागेवर उभी असताना करायची. सपाट जागा, हॅण्डब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू, क्लचवरचा पाय काढलेला. या स्थितीत क्लच प्लेटमधून गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट, म्हणजे इनपुट शाफ्ट, फिरत असतो. गाडी उभी असली तरी आतली चक्रे चालूच असतात. आता पेडल सावकाश पूर्ण दाबा. शाफ्ट थांबतो. जी घरघर पेडल वर असताना होती आणि दाबल्यावर गेली, ती गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगची, बहुधा इनपुट शाफ्टच्या. ही उघडण्याची केस. उलट पेडल वर असताना सगळे शांत आणि दाबायला लागले की किर्रर्र किंवा शिट्टीसारखा आवाज, तर तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. हे बेअरिंग गिअरबॉक्सच्या बाहेर, क्लचजवळ बसते. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण त्याचे एकही चक्र उघडावे लागत नाही. एकाच घरघरीसाठी दोन गॅरेजांची दोन एस्टिमेटे निम्म्या-दुपटीच्या फरकाने आली, तर आधी ही एक तपासणी करून घ्यावी. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवण्याची खोड असेल तर नवे बेअरिंगही लवकर जाईल, हे मालकाने चालकाला सांगावे. आपण स्वतःच चालक असू तर स्वतःला.

डिझेल गाडीत इथे एक फसगत होते. न्यूट्रलला कमी वेगावर चालणारे डिझेल इंजिन धक्के देत फिरते आणि त्या धक्क्यांनी गिअरची मोकळी चक्रे एकमेकांवर खडखडतात. क्लच दाबल्यावर ही खडखडही जाते, म्हणून ती बेअरिंगची वाटते. ओळख सोपी आहे. ॲक्सिलरेटर किंचित दाबून इंजिनाचा वेग थोडा वाढवा. खडखड विरली तर बहुधा काळजी नाही. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते.

दुसरी तपासणी चालत्या गाडीत. पहाटेचा मोकळा रस्ता निवडावा, रेडिओ बंद, काचा खाली. शेजारी कान देणारा दुसरा माणूस हवाच, कारण चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर पाहिजे. कुंपणाच्या भिंतीलगत गाडी सावकाश नेली तर भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि कोणत्या बाजूचा ते कळते. सपाट रस्त्यावर ४०-५० च्या वेगाला क्लच दाबून क्षणभर न्यूट्रल करावे. घूंऽऽ आवाज तसाच राहिला आणि गाडी मंदावेल तसा मंदावला, तर तो गिअरच्या चक्रांचा नाही. चाकाचे बेअरिंग, टायर किंवा डिफरन्शियल यांच्याकडे बघायचे. गेला, तर भार पडल्यावर गिअरबॉक्स बोलतो आहे. घाटाच्या उतारावर मात्र न्यूट्रलचा हा खेळ कधीही करू नये. कात्रजचा किंवा दिव्याचा उतार असल्या प्रयोगांची जागा नाही. चढावर मात्र गिअर घालून जावे. भाराखाली येणारा आवाज तिथे चांगला उघडा पडतो.

चाकाच्या बेअरिंगचे लक्षण असे, की गाडी किंचित उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर जातो, आणि डावे बेअरिंग खराब असेल तर हुंकार वाढतो. डावीकडे वळवल्यावर वाढला तर उजवे. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाची पट्टी बदलली तर टायरचा संशय घ्यावा. पुढचे टायर मागे घालून बघायला फारसा खर्च नाही. या दोन्ही दुखण्यांशी गिअरबॉक्सचा काही संबंध नाही, तरी "गिअरबॉक्स गेला" या वाक्याखाली दोन्ही खपवली जातात. काही वेळा यात लबाडी असते. पण पुष्कळदा गर्दीच्या गॅरेजात चक्कर मारून ऐकायला वेळच नसतो, हेही न्यायाने म्हटले पाहिजे.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरताना कट्-कट्-कट् असे येत असेल तर ते एक्सलच्या बाहेरच्या टोकाचे, सी.व्ही. जॉइंटचे. चाकामागे वाकून बघावे. तिथला रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आत उडालेले दिसेल. बूट फाटल्याबरोबर बदलला असता तर जॉइंट वाचला असता. या कामाला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. पण इथे एक धोका आहे. दुरुस्तीसाठी एक्सल ओढून काढला की गिअरबॉक्समधले ऑइल त्या भोकातून वाहून जाऊ शकते. एक्सल परत बसवल्यावर ते भरून घ्यायला विसरले, तर किरकोळ कामातून खराखुरा मोठा खर्च जन्माला येतो. तेव्हा एक्सल काढला की मालकाने एकच प्रश्न विचारावा, "ऑइल पाहिले का?"

सुमो-ओम्नीसारख्या गाडीत क्लच सोडताना खालून ठण् असा एकच ठोका आला तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस बघावा. इंडिकात तसाच ठोका आला तर इंजिनाच्या माउंटिंगचे रबर. दोन्ही स्वस्तातली दुखणी.

आता खऱ्या गिअरबॉक्सच्या आवाजांकडे येऊ. पुढच्या गिअरची चक्रे एकमेकांत सदैव अडकलेलीच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा चक्र सरकत नाही. एक स्लीव्ह सरकून ठरावीक चक्राला शाफ्टशी बांधते. म्हणून एकाच गिअरमध्ये कुईऽऽ येत असेल आणि बाकीच्यांत नसेल, तर त्या जोडीचे दात झिजले. सगळ्याच गिअरमध्ये येत असेल तर बेअरिंग, किंवा ऑइल कमी. सुमो-ओम्नीच्या मांडणीत चौथा गिअर सरळ जोडलेला असतो, ताकद बाजूच्या शाफ्टवरून जात नाही. चौथ्यात आवाज कमी होत असेल तर त्या बाजूच्या शाफ्टकडे बोट जाते. रिव्हर्सला जो चढा कुईऽऽ आवाज येतो तो मात्र दोष नव्हे. त्याचे दात सहसा सरळ कापलेले असतात, बाकीच्यांचे तिरपे. सरळ दात नवे असतानाही ओरडतात.

गिअर घालताना करकर येते, तेव्हा दोन शक्यता असतात. एक, क्लच पूर्ण सुटत नाही. दुसरी, सिंक्रो रिंग झिजली. यांचा निवाडा करण्याची युक्ती एस.टी.च्या जुन्या चालकांना ठाऊक आहे. उभ्या गाडीत क्लच पूर्ण दाबून मनात चार आकडे मोजा आणि मग रिव्हर्स घाला. तरीही करकरला तर क्लच अडकतो आहे. केबल किंवा ॲडजस्टमेंट आधी बघा, कधी कधी तेवढ्यावर काम भागते. रिव्हर्स मुकाट पडला आणि चालत्या गाडीत फक्त दुसरा किंवा तिसरा गिअर करकरतो, तर जुन्या लोकांचा 'डबल क्लच' करून बघा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा दाबा आणि गिअर घाला. खालचा गिअर घालायचा असेल तर मध्ये किंचित ॲक्सिलरेटर द्यावा. अशाने करकर गेली तर क्लच ठीक आहे, सिंक्रो गेली. सिंक्रो रिंगसाठी गिअरबॉक्स उघडावाच लागतो, पण ते काम उद्याच केले पाहिजे असे नाही. सावकाश गिअर बदलत, पैसे साठवत काही महिने काढता येतात. बेअरिंगच्या घरघरीला तशी सवड नाही. बेअरिंग फुटले तर त्याचे तुकडे सगळ्या चक्रांतून फिरतात, आणि चालत्या गाडीत बॉक्स जाम झाला तर चाके अडकतात. माणसे ने-आण करणाऱ्या गाडीत ही जोखीम कुणी घेऊ नये.

ऑइलविषयी मला जरा विस्ताराने लिहायचे आहे. इंजिन ऑइल सगळे बदलतात. गिअर ऑइलची आठवण आवाज आल्यावर होते. कारण इंजिनाला काडी असते, काढून पाहता येते. मॅन्युअल गिअरबॉक्सला बहुधा काडी नसते. बाजूला एक भरण्याचा नट असतो. गाडी सपाट उभी करून तो उघडला की ऑइल भोकाच्या कडेपर्यंत लागले पाहिजे. ऑइल काढायचे असेल तेव्हाही आधी भरण्याचा नट उघडून बघावा आणि मगच खालचा. वरचा गंजून बसलेला निघाला आणि खालून ऑइल सगळे गेलेले असले, तर गाडी तिथेच अडकते. कोणत्या ग्रेडचे ऑइल घालायचे ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. दुकानदार देईल ते घालू नये.

निघालेले ऑइल पांढऱ्या थाळीत घेऊन उन्हात बघावे. नटाच्या लोहचुंबकावर बारीक राखाडी लगदा असतो. ती वर्षांची साधी झीज. पोलादाचे चपटे तुकडे किंवा सुया दिसल्या तर दात किंवा बेअरिंग तुटते आहे. पितळेसारखी सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो रिंग झिजते आहे. दुधाळ चहासारखा रंग असेल तर आत पाणी गेले आहे. एवढे पाहायला लागणारे पैसे म्हणजे नव्या ऑइलचे, काही शे रुपये. हजारोंच्या एस्टिमेटवर सही करण्यापूर्वी हा खर्च करावाच, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑइलच कमी होते असे निघाले, तर ते भरल्यावर आवाज कमी होतो का ते बघावे, आणि गेले कुठून ते शोधावे. रात्री गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवला की सकाळी डाग कुठे पडला ते समजते. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, त्यावरून ते ओळखता येते. एक्सलच्या सीलमधून गळत असेल तर सीलचे काम थोडक्यात होते.

दुधाळ ऑइलवरून आपल्या शहरातले पूर आठवतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुटून अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगरचा भाग बुडाला. माणसे गेली, घरे गेली आणि शेकडो गाड्या चिखलात एकावर एक चढल्या. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पुन्हा पाणी शिरले. गिअरबॉक्सला वर हवा जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. गाडी बुडाली की त्यातून पाणी आत जाते, बेअरिंगवर गंज धरतो आणि आवाज काही महिन्यांनी येतो, तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात गेलेली असते. बुडालेल्या गाडीचे गिअर ऑइल लगेच बदलावे, थोडे चालवून पुन्हा बदलावे. जुनी गाडी घेणाऱ्याने तर तो बाजूचा नट विकणाऱ्यासमोर उघडायला लावावा. घरघर दाबण्यासाठी फार घट्ट ऑइल, कधी लाकडाचा भुसासुद्धा आत घालण्याची लबाडी मोटारींच्या धंद्यात फार जुनी आहे. विकणारा नट उघडायला तयार नसेल तर दुसरी गाडी बघावी.

गाडीखाली जाण्याबद्दल दोन शब्द. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही डोके घालू नये. जाड लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावावेत, चाकांना उटी लावावी. चालत्या इंजिनाजवळ ओढणी, मफलर, सैल बाही नको. आवाजाची जागा शोधायला फिटर लोक लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक खोक्याला लावतात. घरी ते करू नये, पट्ट्यात हात जायला वेळ लागत नाही.

इतके करूनही गिअरबॉक्स खरोखरच उघडायची वेळ आली, तर हिशेब असा करावा. एका बाजूला दुरुस्ती आणि गाडी उभी राहील तितक्या दिवसांची बुडालेली कमाई. दुसऱ्या बाजूला आजच्या स्थितीत विकली तर गाडीचे मिळतील ते पैसे, अधिक पुढच्या गाडीचे कर्ज. आर.टी.ओ.त पंधरा वर्षांनंतरची नोंदणी जवळ आली असेल तर तो खर्चही यात धरावा. नाना पेठेत सुटे भाग मिळतात, भंगारातून अख्खा जुना गिअरबॉक्सही मिळतो. जुना घेताना इनपुट शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर घालून बघावा, खडबड लागली तर घेऊ नये, आणि बदलून देण्याची मुदत पावतीवर लिहून घ्यावी. बॉक्स उतरवला आहेच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांची झीज त्याच वेळी पाहावी. वर्षभरात ती जाणार असतील तर आताच बदलावीत, म्हणजे उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही.

एस्टिमेट घेताना उतरवण्या-चढवण्याची मजुरी एका ओळीत, उघडून जोडण्याची दुसऱ्या ओळीत, प्रत्येक भागाची किंमत वेगळी आणि ऑइल वेगळे, असे लिहून मागावे. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत मागावेत. बेअरिंगला 'गेले' म्हटले असेल, तर ते हातात घेऊन फिरवल्यावर आपल्यालाही कळते.